अंथरूण पाहून फुटबॉल

खेळणाऱ्याला चेंडूला एकदाही पाय लावता येत नाही आणि तरीही माणसे ज्याच्यापायी जेवणखाण विसरतात, असा फुटबॉलचा एक खेळ आहे. त्याचे नाव ‘फुटबॉल मॅनेजर’. तो संगणकावर खेळतात. इतर व्हिडिओ गेममध्ये बटणे दाबून खेळाडूला पळवायचे, उडवायचे, गोल मारायला लावायचे. इथे तसले काही नाही. इथे आपण क्लबचे मॅनेजर. सकाळ झाली की आलेले टपाल वाचायचे, संचालक मंडळाची नाराजी ऐकून घ्यायची, कोणाचा करार संपत आला आहे आणि कोणाचा गुडघा दुखतो आहे ते पाहायचे, सरावाचे वेळापत्रक लावायचे, आणि सामन्याच्या दिवशी अकरा माणसे मैदानात सोडून आपण रेषेबाहेर उभे राहायचे. तिथून फार तर ओरडता येते, एखादा बदली खेळाडू पाठवता येतो, डावपेच फिरवता येतात. पाय मात्र दुसऱ्याचे. ज्यांनी एखाद्या बँकेची शाखा सांभाळली असेल त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. मी तीस-बत्तीस वर्षे हेच केले. फक्त गोल कमी झाले.

या खेळाचा इतिहास तसा जुना आहे. 1982 मध्ये केव्हिन टॉम्स या इंग्रज माणसाने ‘फुटबॉल मॅनेजर’ याच नावाचा एक खेळ त्या काळच्या इवल्याशा संगणकांसाठी लिहिला. पुढे पॉल आणि ऑलिव्हर कोलियर या दोन भावांनी घरातल्या खोलीत बसून स्वतःचा खेळ तयार केला. तो 1992 मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने बाजारात आला. पहिल्या आवृत्तीत क्लब खरे होते, पण खेळाडूंची नावे बनावट होती. खरी नावे पुढच्या आवृत्तीत आली आणि खेळाचे वेडात रूपांतर झाले. 2003 मध्ये भावांच्या कंपनीने आणि प्रकाशकाने काडीमोड घेतला. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ हे नाव प्रकाशकाकडे राहिले, खेळाचे आतडे-कोथळे कंपनीकडे आले, आणि 2004 पासून तो ‘फुटबॉल मॅनेजर’ म्हणून विकला जाऊ लागला.

मला त्याचा नाद लावला तो पुतण्याने. त्याने शिकवले, पण आमचे लगेच बिनसले. तो म्हणाला, ‘‘काका, मँचेस्टर सिटी घ्या की! पैशाला तोटा नाही.’’ मी म्हटले, मग त्यात खेळायचे काय? ज्याला पाहिजे तो खेळाडू विकत घेता येतो, त्याने बाजारात जाणे म्हणजे नुसती वाणसामानाची यादी. मला ज्याच्या गल्ल्यात खडखडाट आहे असा क्लब हवा होता. असे वाटणारा मी एकटा नाही, हे नंतर कळले. हा खेळ खेळणाऱ्यांत दोन पंथ आहेत: एक राजवाड्यात जाऊन राहणारा आणि दुसरा पडक्या वाड्याची डागडुजी करणारा. दुसऱ्या पंथाची संख्या थोडीथोडकी नाही. ही माणसे तळाच्या श्रेणीतला, कर्जात बुडालेला, पत्र्याच्या स्टँडचा क्लब मुद्दाम शोधून काढतात आणि रात्री-रात्री जागून त्याला वर चढवतात. प्रत्यक्ष आयुष्यात टंचाईला कंटाळलेली माणसे करमणूक म्हणूनही टंचाईच का निवडतात? मला या प्रश्नाने धरून ठेवले.

मी निवडलेल्या क्लबचे नाव अॅक्रिंग्टन स्टॅन्ली. लँकेशायरमधले अॅक्रिंग्टन हे जेमतेम पस्तीस हजार वस्तीचे गाव; एके काळी सूतगिरण्यांचे आणि सूत कातण्याची यंत्रे घडवणाऱ्या कारखान्यांचे. लँकेशायरशी आपले नाते जुने आहे. अमेरिकेतल्या यादवीने 1861 नंतर कापसाचा दुष्काळ पडला तेव्हा त्या परगण्यातल्या गिरण्यांची चाके थांबली आणि त्याच कापसावर मुंबईच्या व्यापाऱ्यांनी हात धुऊन घेतले. गिरणी बंद पडलेले गाव कसे दिसते हे आपल्याला परळ-लालबागने शिकवलेले आहे. अशा गावात शनिवारचा फुटबॉल हा नुसता फुटबॉल नसतो.

हा क्लब मी निवडला त्याला आणखी एक कारण होते, आणि ते ताळेबंदातले होते. स्टॅन्ली स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरच्या लोकांनी 1891 मध्ये सुरू केलेला हा क्लब 1921 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. 1958 मध्ये या मंडळींनी ऑल्डरशॉट इथल्या लष्करी कवायतींच्या मैदानावरचा एक जुना दुमजली स्टँड 1,450 पौंडांना विकत घेतला. भाव स्वस्तच होता. पण तो उतरवून, देशाच्या एका टोकाहून दुसरीकडे वाहून आणून, पुन्हा उभा करायचा खर्च मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला. आणि कवायत पाहण्यासाठी बांधलेल्या त्या स्टँडमधून फुटबॉल नीट दिसेना. ऋण काढून सण साजरा केला की पुढे काय होते ते सांगायला नको. कर्ज वाढत गेले, संघ घसरत गेला, आणि 1962 च्या मार्चमध्ये, हंगाम चालू असतानाच, क्लबने लीगला राजीनामा दिला. नंतर तो मागे घेण्याची धडपड झाली, पण लीगने ऐकले नाही. त्या हंगामात त्यांनी खेळलेल्या सगळ्या सामन्यांचे निकाल नोंदवहीतून खोडले गेले. काही वर्षांत क्लब मेला. मी कर्जाच्या फायली वाचण्यात आयुष्य घालवले आहे. त्यात अशी दुमजली स्टँडची प्रकरणे पुष्कळ भेटली. धंदा बुडतो तो पुष्कळदा स्वस्तात मिळालेल्या वस्तूने.

1968 मध्ये गावाने त्याच नावाचा क्लब पुन्हा उभा केला. पण नाव टिकले ते थट्टेचा विषय म्हणून. 1989 मधल्या दुधाच्या एका जाहिरातीत एक पोरगा सांगतो की, दूध प्यायलो नाही तर अॅक्रिंग्टन स्टॅन्लीकडूनच खेळावे लागेल; आणि दुसरा विचारतो की हे कोण बुवा. सारे इंग्लंड हसले. पुढे 1999 मध्ये जॉन कोलमन हा पूर्वीचा शाळामास्तर मॅनेजर म्हणून आला आणि त्याने क्लबला पायरी पायरीने वर काढले. 2006 मध्ये अॅक्रिंग्टन स्टॅन्ली चव्वेचाळीस वर्षांनी लीगमध्ये परतला. योगायोग असा की, 1962 मध्ये त्याची रिकामी जागा ज्या ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती तोच क्लब 2006 मध्ये लीगमधून बाहेर पडला. कादंबरीत हे लिहिले असते तर संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढले असते.

आता संगणकाकडे येऊ. क्लबची सूत्रे हाती आली तेव्हा नवे खेळाडू विकत घेण्यासाठी रक्कम जवळजवळ शून्य. आठवड्याच्या पगाराची मर्यादा ठरलेली, आणि ती जवळजवळ संपलेली. संचालक मंडळाची अपेक्षा एवढीच की खाली घसरू नका. अशा वेळी तीनच दारे उघडी असतात. एक, ज्यांचा करार संपला आहे आणि ज्यांना कोणी विचारत नाही असे फुकटातले खेळाडू. दोन, मोठ्या क्लबांनी अनुभवासाठी उसनी दिलेली पोरे. ती चांगली निघाली तरी मे महिन्यात परत जातात. आणि तीन, वर्षातून एकदा क्लबच्या युवा केंद्रातून वर येणारी पंधरा-सोळा वर्षांची मुले, ज्यांतल्या बहुतेकांचे काही होत नाही.

यातूनच संघ उभा करायचा. इथे जे कळते ते पैसेवाल्याला कळत नाही. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे वेग, उडी, पास, निर्धार, कष्टाळूपणा अशा रकान्यांत 1 ते 20 असे आकडे असतात. श्रीमंत क्लबचा मॅनेजर पाहतो तो आकड्यांची गोळाबेरीज. गरीब क्लबच्या मॅनेजरला ती परवडत नाही, कारण ज्याची बेरीज चांगली आहे तो त्याच्याकडे येणारच नाही. त्याने शोधायचा असतो तो एखाद-दुसरा आकडा. सगळ्यात ढिला, पण हवेतल्या चेंडूला डोके लावण्यात पटाईत असा धिप्पाड गडी. वय झालेला, पाय जड झालेला, पण शेवटच्या मिनिटाला न घाबरणारा कप्तान. एका रकान्यात 16 आणि बाकीच्यांत 6 असलेला माणूस कोणत्या जागी उभा केला तर त्याचे 6 झाकले जातील आणि 16 दिसतील, याचा विचार म्हणजे या खेळातली अर्धी रात्र.

माझ्या उमेदीच्या काळात, ऐंशीच्या दशकात, खेड्यात म्हशीसाठी कर्जे दिली जात. रक्कम काही हजारांची. त्याच जिल्ह्यात बडे कर्जदारही असत. बड्याच्या प्रकल्पात दोन-चार लाख इकडचे तिकडे झाले तर ते कोणत्या तरी शीर्षकाखाली सहज मावत. कोणाला पत्ताही लागत नसे. म्हशीच्या हप्त्याचे तसे नव्हते. म्हैस आटली की त्या घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असे, आणि कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्यालाही ठाऊक असावे लागे: म्हैस कुठल्या वेताची, घरात दूध काढणारे कोण, डेअरी किती लांब. ज्यांना हे ठाऊक असे त्यांची वसुली बरी होई. लक्ष हे गरिबाचे भांडवल आहे. दुसरे नसतेच म्हणून ते वापरावे लागते. या खेळात माणसे टंचाई का निवडतात याचे माझे उत्तर हेच आहे. पैसा असला की चूक पैशाखाली पुरता येते. पैसा नसला की पाहावे लागते, आणि लक्ष देऊन पाहण्यात एक सुख आहे, जे दिवसभराच्या नोकरीत पुष्कळांच्या वाट्याला येत नाही.

प्रत्यक्ष फुटबॉलमध्येही हे घडले आहे. लेस्टर सिटी 2016 मध्ये इंग्लंडचा विजेता झाला. हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याच्यावर एकास पाच हजार असा भाव होता. त्या संघातला जेमी वार्डी सोळाव्या वर्षी एका मोठ्या क्लबने काढून टाकलेला पोरगा. कारखान्यात काम करीत खालच्या स्पर्धांत खेळत होता. रियाद माहरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून आला. ही माणसे सर्वांना दिसत होती, पाहिले थोड्यांनी. या खेळाच्या कर्त्यांनीही जगभर असेच पाहणारे नेमले आहेत. गावोगावच्या क्लबांचे सामने पाहून खेळाडूंचे आकडे भरणारे शेकडो लोक त्यांच्यासाठी काम करतात, आणि त्यांतले बहुतेक निव्वळ हौसेने करतात. 2008 मध्ये एव्हर्टन या नामांकित क्लबने खेळाडू शोधण्यासाठी हा आकड्यांचा साठा वापरण्याचा करार केला. खेळाची माहिती खऱ्याच्या कामी यावी, हा काव्यगत न्यायच म्हणायचा.

पण आकडे म्हटले की बोगस खातेही आले. 2001-02 च्या आवृत्तीत पोर्तुगालच्या एका चिमुकल्या क्लबात टो मडेरा नावाचा एक अफाट आघाडीचा खेळाडू होता. जगभरच्या लोकांनी त्याला विकत घेतले आणि त्याच्या गोलांवर चषक जिंकले. असा खेळाडू मुळात अस्तित्वातच नव्हता! कोणीतरी माहिती भरताना ही नोंद घुसडून दिली होती. लेखापरीक्षकांना ही गोष्ट सांगितली की ते फार खुश होतात.

इथवर सारे गोड आहे. पुढचे तितके गोड नाही, आणि माझ्या मते या खेळाचे खरे मर्म तिथेच आहे.

तिसऱ्या हंगामात माझा अॅक्रिंग्टन वरच्या श्रेणीत चढला. मध्यरात्रीनंतरचे दोन वाजले होते आणि मी पडद्यासमोर एकटाच टाळ्या वाजवत होतो. दुसऱ्या दिवशी टपाल उघडले. सहाय्यक मॅनेजरचा अहवाल होता: वरच्या श्रेणीसाठी पुढील खेळाडू पुरेसे चांगले नाहीत. यादीत सात नावे. सातही जण असे की ज्यांनी मला वर आणले. पहिला होता तेहतीस वर्षांचा डावा बचावपटू, ज्याला मी फुकटात उचलले होते, ज्याने तीन वर्षांत एकदाही पगारवाढ मागितली नव्हती. अहवाल बरोबर होता. आकडे खोटे बोलत नव्हते. वर जायचे तर यांना सोडले पाहिजे, आणि हे सोडायला एका बटणापलीकडे काही लागत नाही.

तळापासून वर चढणाऱ्या प्रत्येकासमोर हे बटण येते. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपल्या पूर्वजांनी फुटबॉल पाहून केलेली नाही. पण लेस्टरला पाच हजारांतले एक दान मिळवून देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरीला क्लबने 2017 च्या फेब्रुवारीत, चषक उंचावल्याला वर्षही झालेले नसताना, घरी पाठवले. अॅक्रिंग्टनमध्येही चाक फिरले. कोलमन मध्ये काही वर्षे दुसरीकडे जाऊन 2014 मध्ये परतला होता. त्याने 2018 मध्ये चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून क्लबला तिसऱ्या श्रेणीत नेले. पाच वर्षे तिथे तग धरून क्लब 2023 मध्ये पुन्हा खाली आला, आणि 2024 च्या मार्चमध्ये कोलमनला जावे लागले. याला कोणी कृतघ्नपणा म्हणेल. क्लबला पुढचा शनिवार असतो, हेही तितकेच खरे आहे. ज्यांनी कधी कोणाच्या पगाराचा जमाखर्च जुळवला आहे ते या प्रश्नावर चटकन निकाल देणार नाहीत.

आणि रकान्यांत न मावणारे पुष्कळ काही असते. 2018 च्या त्या विजेतेपदात अॅक्रिंग्टनकडून सर्वाधिक गोल केले ते बिली की या आघाडीच्या खेळाडूने. मैदानाबाहेर तो नैराश्याशी आणि चिंतेच्या विकाराशी झगडत होता. पुढे त्याने हे जाहीरपणे सांगितले, आणि 2020 च्या जानेवारीत, तिशीच्या आतच, व्यावसायिक फुटबॉल सोडले. त्या हंगामातले त्याचे गोल सर्वांना मोजता येत होते. खेळात ‘मनोबल’ नावाचा एक बाण असतो. तो वर असला तर हिरवा, खाली असला तर लाल. बाणाच्या आत काय चालले आहे ते पाहण्याची सोय संगणकात नाही. तशी सोय कोणत्याही कचेरीच्या हजेरीपत्रकातही नसते.

खेळ एक लबाडी मात्र करतो, ती सांगितली पाहिजे. खेळता खेळता फाइल साठवून ठेवता येते. अंतिम सामना हरलो की साठवलेली फाइल उघडायची आणि सामना पुन्हा खेळायचा. पडक्या वाड्याच्या पंथातले कट्टर लोक असे करणे पाप मानतात. त्यांचे म्हणणे, पराभव पुसता आला तर गरिबीला अर्थच राहत नाही. मला ते पटते. 1962 चा राजीनामा अॅक्रिंग्टनला मागे घेता आला नाही. आटलेल्या म्हशीचा हप्ता कोणाला पुसता आला नाही. टंचाईची मौज वाटते ती पडद्यावर, कारण तिथे आपल्या घरची चूल तिच्यावर अवलंबून नसते. काटकसर माणसाला शहाणी करते, असे ज्यांचे पोट भरलेले आहे ते फार बोलतात. त्यांनी हा फरक विसरू नये. गरिबी लक्ष द्यायला शिकवते हे खरे, पण ती शिकवणीची फीदेखील घेते, आणि ती फी पुष्कळदा घरातल्या धाकट्यांना भरावी लागते.

त्या सात जणांचे काय केले, असे पुतण्याने विचारले. पाच जणांना मी सोडले. त्यांना वेळेत दुसरे क्लब मिळावेत म्हणून हंगाम संपल्या संपल्या कळवले. ऑगस्टपर्यंत ताटकळत ठेवले नाही. एकाला बदली खेळाडू म्हणून ठेवले. उरला तो तेहतीस वर्षांचा डावा बचावपटू. या खेळात उतरत्या वयाच्या खेळाडूला प्रशिक्षकाची जागा देऊ करता येते. मी दिली. पगार कमी होता; त्याने घेतली. पुतण्याने हिशेब मांडून दाखवला की तेवढ्याच पैशात याहून चांगले आकडे असलेला प्रशिक्षक मिळाला असता. त्याचा हिशेब बरोबर होता. सध्या तो बचावपटू युवा केंद्रातल्या पोरांना शिकवतो, आणि या वर्षी वर आलेल्या मुलांत एक डाव्या पायाचा मुलगा आहे. वेग 7, पास 8, निर्धार 17. त्याचा पहिला करार मी काल केला.